डावीकडचं रबर

दवाखान्यात दुपारी जनावर नसलं
की मी फोनवर ती बॉक्सर बघते.
दोन हजार दोनचं मॉडेल, रंग मरून,
भाव साडेअठरा, सिंगल हँड युज,
'टाइमपासवाल्यांनी फोन करू नये',
ठिकाण उदगीर.
आठ फोटो. त्यातले दोन एकच.

मानवतपासून दीडशे किलोमीटरवरचं जनावर
दात न बघता कसं घ्यावं?
हाळी-हंडरगुळीच्या बाजारात शिकले ते एवढंच:
आधी खुरं बघायची, मग मालक,
शिंगांना लावलेलं तेल सगळ्यात शेवटी.
इथं तेलच पहिल्या फोटोत,
टाकीवर ओल्या फडक्याचा पट्टा
अजून वाळलेला नाही.

मुख्तारभाई बोटांनी फोटो मोठा करतात.
"चेन नवी है. बेचना था तो नवी चेन कायको डाले?"
मग स्वतःच, "पुरानी टूटी होगी."
पासिंग मार्चात संपणार.
टायर, ब्रेक-शू, बॅटरी,
लातूरची एनओसी, परभणीच्या दोन फेऱ्या.
लसींच्या वहीत मागच्या पानावर
साडेअठराचे सव्वीस झाले.

सव्वीसात स्कूटी येते, ऑफिसात सगळे म्हणतात.
त्यांनी कोल्ह्याच्या पुढची पांदण
श्रावणात पाहिलेली नाही,
खांद्याला लाळ-खुरकुताच्या लशीचा डबा,
आत बर्फ वितळायलेला,
आणि चाकात काळी माती अशी
की चाक आहे हे आठवावं लागतं.

सातवा फोटो डावीकडून काढलाय.
तिथं माझं बोट थांबलं.
मागच्या पायटेकीचं रबर
पार लोखंडापर्यंत झिजलेलं.
तिसऱ्या फोटोत उजवीकडची पायटेकी
कोरी, रबराचे दाणे जसेच्या तसे.
म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं
दोन्ही पाय एकाच बाजूला सोडून बसलं.
हात एकच असेल.
पायांच्या जोड्या दोन होत्या.

फोन लावला. "साहेबांकडं द्या," बिरादार म्हणाले.
म्हणलं, साहेब मीच.
थोडा वेळ नुसता त्यांच्याकडचा पंखा ऐकू आला.
गाडी चालू करून फोन जवळ धरा, म्हणलं.
चौथ्या किकला धरली.
मी गाईच्या पोटाला कान लावते
तसे मुख्तारभाई डोळे मिटून वाकले.
"टॅपेट."
आणि बऱ्याच वेळानं, "चलता."

कामून विकायलाव?
"गुडघे," ते म्हणाले.
मागून आवाज आला, "त्यांचे न्हाईत, माझे."
बांगड्या वाजल्या, फोन हातातून हातात गेला.
"बाई, तुम्ही सोता चालवणार?
मग मला एक सांगा,
पुढून रस्ता कसा दिसतो?
मला बावीस वर्षं निसती डावी कड दिसली.
देगलूर रोडच्या सगळ्या डाव्या पाट्या पाठ हाईत मला.
उजवीकडं काय काय हाय
ते हेच सांगायचे, मनाला येईल तसं."

मला लवकर सुचलं नाही.
म्हणलं, मावशी, पुढं बसलं की
खड्ड्याशिवाय काही दिसत नाही.
ती हसली का खोकली, कळलं नाही.
मग म्हणाली,
"एकोणीसच्या खाली जमायचं न्हाई."
जाहिरातीत साडेअठरा होते.

रविवारी जाईन. परभणी, गंगाखेड, अहमदपूर,
एसटीत खिडकी मिळाली तर उजवीकडची.
घ्यायचीच असं काही नाही.
पैसे दोन जागी, पाना, टॉर्च, आधार कार्ड.
हेल्मेट सोबत न्यावं का,
तेवढं रात्रीपासून ठरेना झालंय.
हातात दावं घेऊन जो बाजारात शिरतो
त्याला भाव वाढवूनच सांगतात.
आणि दावं घरी ठेवून जो जातो,
तो संध्याकाळी
दुसऱ्याकडं दावं मागत फिरतो.